दम लागतोय? गावचे डॉक्टर की छातीचे डॉक्टर?

निपाणी, चिक्कोडी, खानापूर भागात दम लागला की माणूस आधी गावच्या डॉक्टरांकडे जातो, आणि ते बरोबरच आहे. ते घर ओळखतात, फी परवडते, रात्री-अपरात्री दार उघडतात. सर्दी-तापानंतर आठवडाभर रेंगाळलेल्या खोकल्यासाठी बेळगाव गाठायची गरज नाही. पण दर पावसाळ्यात, दर थंडीत तोच दम, तेच इंजेक्शन, चार दिवस बरं आणि पुन्हा धाप, असं चाललं असेल तर एकदा तरी छातीच्या डॉक्टरांना दाखवाच. त्या इंजेक्शनात बहुधा स्टेरॉइड असतं. वारंवार घेतलं तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

खरा फरक तपासणीत आहे. दम्यात एक्स-रे बऱ्याचदा अगदी स्वच्छ येतो. छातीचे डॉक्टर स्पायरोमेट्री करतात. नाकाला चिमटा, तोंडात नळी, छाती भरून श्वास आणि मग जीव खाऊन फुंकायचं. शेजारी तंत्रज्ञ कन्नडमधून नाहीतर मराठीतून ‘अजून, अजून’ म्हणत उभा. मग पंप (श्वासाबरोबर औषध ओढायचा इनहेलर) देऊन पंधराएक मिनिटांनी पुन्हा तेच. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा 12 टक्के आणि 200 मिलिलिटरने वाढली, तर कल दम्याकडे. पंपानंतरही ती एकूण फुंकलेल्या हवेच्या 70 टक्क्यांच्या खालीच राहिली, तर सीओपीडीचा, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचा संशय. दोन्हींची औषधं वेगळी, म्हणून अंदाजाने उपचार नकोत.

शिवाय ते खोदून विचारतात: तंबाखूच्या वखारीत काम केलंय का, बिड्या वळता का, चूल कशावर पेटते? बिडीला कधी हात न लावलेल्या बाईलाही चुलीच्या धुराने सीओपीडी होतो, हे आपल्याकडे अजून पुष्कळांना पटत नाही.

आता पंप की गोळी? पंपाची सवय लागते, ही भीती काढून टाका. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलची एक गोळी 4 मिलिग्रॅमची, पंपाचा एक झोत 100 मायक्रोग्रॅमचा. म्हणजे गोळीतून चाळीसपट औषध अंगात जातं, म्हणूनच हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं औषध थेट श्वासनळीत पोचतं. म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून द्या, आणि स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायला विसरू नका.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी ताप, वजन उतरणं असेल तर आधी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. टीबीची तपासणी आणि औषधं तिथे मोफत आहेत.

खर्चाचं म्हणाल तर बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात रांग लांब पण खर्च कमी, खासगीत उलट. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं. निदान पक्कं झालं की पुढची देखरेख गावचे डॉक्टरही करू शकतात, तसं तज्ज्ञांकडून कागदावर लिहून आणा.

बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर पडले असतील, तर कोणता डॉक्टर हा विचारच करू नका. 108 ला फोन लावा आणि ऑक्सिजन मिळेल ते जवळचं रुग्णालय गाठा.

तज्ज्ञांकडे जाताना जुने एक्स-रे, गोळ्यांची पाकिटं आणि वापरातला पंप सोबत घ्या. स्पायरोमेट्रीआधी पंप किती तास बंद ठेवायचा, ते वेळ घेतानाच फोनवर विचारून ठेवा.