दिल्लीची वीज: बवानाचा गॅस की रीव्याचं ऊन?

इंदूरला आमच्या गच्चीवर सोलर पॅनेल आहेत. दर रविवारी सकाळी मी ते ओल्या फडक्याने पुसतो. फडकं काळंकुट्ट निघतं. त्यामुळे दिल्लीला गेलो आणि मेट्रोत बसलो, की आपलंच ऊन आठवतं. आमच्या मध्य प्रदेशातल्या रीव्याच्या 750 मेगावॉट सौर प्रकल्पातून 2019 पासून दिल्ली मेट्रोला वीज जाते. 2017 च्या लिलावात तिचा पहिल्या वर्षाचा दर युनिटला 2 रुपये 97 पैसे निघाला. इंधनाचा खर्च शून्य!

दिल्लीतल्या बवानाचं गॅसवर चालणारं वीज केंद्र सुमारे 1,370 मेगावॉटचं. टर्बाइनमधून निघणाऱ्या गरम धुरावर वाफ करून दुसरं टर्बाइन फिरवतात, म्हणून तेवढ्याच गॅसमध्ये जास्त वीज मिळते. कोळशासारखा राखेचा प्रश्नच नाही. पण कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या गॅसचं उत्पादन घटलं आणि जहाजाने येणारा द्रवरूप गॅस महाग पडतो.

तरी एक मान्य करायलाच हवं. 19 जून 2024 ला दिल्लीची मागणी 8,656 मेगावॉटवर गेली. अशा दिवसांत रात्रीही एसी बंद होत नाहीत, आणि तेव्हा रीव्याचे पॅनेल काळोखात असतात. गॅसचं केंद्र कोळशाच्या केंद्रापेक्षा लवकर सुरू होतं.

म्हणून बवाना मोडीत काढू नये, उन्हाळ्यातल्या रात्रींसाठी राखून ठेवावं. नवा पैसा मात्र ऊन आणि बॅटरीतच घालावा. नर्मदेचं पाणी इंदूरला चढवणाऱ्या जलूदच्या पंपांना सौर वीज मिळावी म्हणून आमच्या महापालिकेने 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठी कर्ज उभारायचे रोखे, काढलेच की!