करंट खरंच उतरला, बिल नाही

गणपतीत घरोघरी चाकरमानी आलेले, पंखे-मिक्सर अखंड चालू, आणि बिलाची कुरकुर. नेमके त्याच दिवसांत गुहागरजवळच्या आमच्या वाडीत दोन तरुण ‘वीज वाचवणारा डबा’ घेऊन फिरले. सॉकेटात खोचायचा, हिरवा दिवा लागतो, किंमत १,८०० रुपये. आईने एक घेतला, शेजारपाजारीही बऱ्याच जणांनी घेतले.

गंमत म्हणजे पडवीत त्यांनी जे दाखवलं त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. फळीवर जुनी चोकवाली ट्यूब, बाजूला व्होल्ट आणि अँपिअर दाखवणारे दोन मीटर. ट्यूब लावली: २३० व्होल्ट, ०.४० अँपिअर. “काकू, गुणाकार करा. ९२ वॉट.” डबा लावला, करंट ०.२२ वर आला. “आता ५१. जवळजवळ निम्मं!” शाळेत शिकलेलं सूत्र आणि डोळ्यांसमोर उतरणारा आकडा; शंका कोण काढणार?

गोम त्या गुणाकारातच आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट, हे इस्त्री, गिझर, साधा बल्ब यांना चालतं. चोक किंवा मोटर आली की पॉवर फॅक्टरनेही गुणावं लागतं, म्हणजे त्या गुणाकारातला किती भाग खरोखर कामी येतो ते सांगणाऱ्या, एकाहून लहान आकड्याने. त्या ट्यूबचा तो ०.५४ च्या आसपास, म्हणजे ९२ मधले खरे वॉट ५०. डबा लावण्याआधी ५०, नंतरही ५०. उरलेला करंट चोककडे येतो आणि तसाच परत जातो; घरगुती मीटर त्याचं युनिट धरत नाही. डबा तेवढा करंट जागच्या जागी पुरवतो, म्हणून आकडा उतरतो. मी तो फोडला. आत ४ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, एवढासा रेझिस्टन्स आणि तो हिरवा दिवा. पंख्याचा कंडेन्सर घ्यायला जाता ना, तसलाच. त्याचे १,८००!

पडताळायला मीटरवरचा लाल दिवा पुरतो. आमच्या मीटरवर एका युनिटला ३२०० पल्स असं छापलंय, म्हणजे एक युनिट जळलं की दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. बाकी सगळं बंद करून ७५० वॉटची इस्त्री लावली. ती तापत असताना दिवा मिनिटाला ४० वेळा लुकलुकला. डबा लावून ४०, काढून ४०. इस्त्रीचा हिशेब सरळ असतो: ७५० भागिले २३० म्हणजे ३.२६ अँपिअर, आणि २३० ला त्याने भागलं की साधारण ७० ओहम. प्लग काढून पिनांवर मल्टिमीटर धरला तरी जवळपास तेवढेच दिसतात. (बल्ब असा मोजू नका, थंड बल्बचा रेझिस्टन्स फारच कमी येतो.) शेजारच्या सॉकेटात बसलेला डबा हे ७० ओहम बदलू शकत नाही. मग वॉट कुठून कमी होणार?

“पण आमचं बिल उतरलं की!” असं वाडीतले काहीजण अजून म्हणतात. उतरणारच. पाहुणे मुंबईला परतले, आराशीच्या माळा निघाल्या. श्रेय मात्र डब्याला.

कार्डावरच्या नंबरवर रिंग जाते, कुणी उचलत नाही. दोघे दापोलीकडे सरकल्याचं ऐकतो. तुमच्या पडवीत फळी मांडली, तर ट्यूब बाजूला ठेवून घरची इस्त्री लावायला सांगा. डबा खोचल्यावर अँपिअर उतरणार नाहीत. झालंच तर ३.२६ चे ३.२७ होतील.