दुपारची वीज रात्रीसाठी : उदंचन की बॅटरी?

सौरऊर्जेची खरी अडचण संध्याकाळी सातला सुरू होते. घराघरांत दिवे-पंखे लागतात आणि सूर्य मावळलेला असतो. दुपारची जास्तीची वीज तोवर ठेवायची कुठे?

पाण्याचं उत्तर घाटघरला उभं आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर एक धरण, खाली शहापूरच्या बाजूला चोंढ्याजवळ दुसरं, मध्ये सुमारे ४०० मीटरची उंची. वीज स्वस्त असताना पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून २५० मेगावॉटपर्यंत वीज काढायची. यालाच उदंचन म्हणतात. पाणी फिरून तेच वापरलं जातं. तूट होते ती बाष्पीभवनाची. शंभर युनिट घातले तर साधारण ७५ ते ८० परत मिळतात.

लिथियम बॅटरी यात सरस, ८५ ते ९० देते. शिवाय काही महिन्यांत बसवून होते, क्षणार्धात प्रतिसाद देते. पण दहा-पंधरा वर्षांत थकते आणि बहुधा दोन ते चार तासांपुरतीच बांधतात. धरण मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतं.

म्हणून लांब पल्ल्याच्या साठवणुकीला माझं मत उदंचनाला. फक्त त्यासाठी घाटातलं आणखी जंगल बुडवू नये, हे मला मनापासून वाटतं. रायगड जिल्ह्यात भिऱ्याला मुळशीच्या जुन्याच जलाशयावर १५० मेगावॉटचा उदंचन संच चालतो. आधी अशा जागा शोधाव्यात. शहरातल्या उपकेंद्राजवळ, जिथे डोंगरही नाही आणि पाणीही नाही, तिथे बॅटरीच हवी.