जुनी बीएमडब्ल्यू ३२०डी, एफ ३०: आधी कान लावा, मग कागद बघा

नव्या एसयूव्हीच्या पैशात आज जुनी ३२०डी मिळते आणि चालवायला ती त्या एसयूव्हीपेक्षा कितीतरी सरस आहे. एफ ३० पिढीची ही गाडी भारतात २०१२ पासून विकली गेली. आधीच्या गाड्यांत एन ४७ डिझेल इंजिन, १८४ हॉर्सपॉवर. फेसलिफ्टनंतर, म्हणजे त्याच पिढीच्या सुधारित रूपात, बी ४७ इंजिन, १९० हॉर्सपॉवर. खंडाळ्याच्या चढणीवर ती ज्या सहजतेने ओढते, ते पाहून लोक भुलतात. भुलायला हरकत नाही, पण गाडी निवडताना किलोमीटरपेक्षा तेल कधी आणि कुठलं बदललं याला जास्त किंमत द्या.

पहिली तपासणी टायमिंग चेनची, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या तालात ठेवणाऱ्या साखळीची. चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली आहे, त्यामुळे ती बदलायला गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवावं लागतं. मजुरी इथेच वाढते. चेनसाठी सर्वाधिक बदनाम झाली ती २००७ ते २०११ दरम्यानची एन ४७ इंजिनं. एफ ३० मध्ये धोका कमी आहे, संपलेला नाही. गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला ती आधी चालू करू देऊ नका. बोनेटवर हात ठेवा, थंडगार लागलं पाहिजे. मग स्टार्ट करून काचेच्या बाजूला, फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ) कान द्या. डिझेलची नेहमीची टकटक वेगळी आणि दीड-दोन हजार आरपीएमला येणारी, साखळी पत्र्यावर घासल्यासारखी खरखर वेगळी. ती ऐकू आली तर व्यवहार तिथेच थांबवा. चेन तुटली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेडसकट काम निघतं. एन ४७ मध्ये चेन फिरवणारा दातेरी भाग क्रँकशाफ्टचाच, म्हणजे पिस्टननी फिरणाऱ्या मुख्य दांड्याचाच, हिस्सा आहे. तो झिजला असेल तर नुसता चेनचा किट घालून भागत नाही.

चेन टिकवायची तर इंजिन ऑइल वेळेत बदला. डॅशबोर्डवर पुढच्या सर्व्हिसचा आकडा कितीही लांबचा दिसो, १०,००० किमी किंवा वर्ष, जे आधी होईल तेव्हा. एन ४७ ला फिल्टरसह ५.२ लिटर, बीएमडब्ल्यूच्या लाँगलाइफ-०४ मान्यतेचं ५डब्ल्यू-३० तेल. फिल्टरचं झाकण प्लॅस्टिकचं असतं, २५ न्यूटन मीटरच्या वर आवळू नका, आणि ओ-रिंग प्रत्येक वेळी नवी.

आता गिअरबॉक्स. झेडएफचा आठ गिअरचा ८एचपी हा या गाडीतला सर्वात उत्तम भाग, आणि सर्वात दुर्लक्षित. कार कंपनीने त्याच्या तेलाला आयुष्यभराचं म्हटलं, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किमीला बदला असं सांगते. आपण झेडएफचं ऐकावं. उशीर झाला की थंड असताना खालच्या गिअरांत झटके जाणवतात.

काम असं होतं. गाडी चारही बाजूंनी समपातळीत उचलायची. खालून तेल सोडण्याआधी भरायचा बोल्ट ढिला करून बघायचा. तो अडकला तर तेल काढून गाडी लिफ्टवरच अडकेल. फिल्टर प्लॅस्टिकच्या पॅनमध्येच बसवलेला असतो, म्हणून पॅन अख्खा नवा. जुन्या पॅनमधल्या चुंबकांवर राखाडी, लोण्यासारखा थर दिसला तर तो नेहमीचा. धातूचे चकाकते तुकडे असतील तर आतलं काही तुटलंय. पॅनचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, १० न्यूटन मीटर. किटमध्ये ७ लिटर तेल येतं. आधी इंजिन बंद ठेवून तेल ओघळेपर्यंत भरायचं, मग इंजिन चालू करून परत भरायचं, ब्रेक दाबून आर आणि डी मध्ये थोडा थोडा वेळ ठेवायचं, पुन्हा पी. शेवटची पातळी तेल ३० ते ५० अंशांवर असताना, इंजिन चालू ठेवूनच बघायची. तापमान स्कॅनरवर न बघता अंदाजे भरणाऱ्या गॅरेजमध्ये हे काम देऊ नका.

ईजीआर कूलर म्हणजे इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा भाग. त्यावरून २०१८ मध्ये कंपनीला अनेक देशांत लाखो डिझेल गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कूलरमधून कूलंट झिरपतं, काजळीत मिसळतं आणि गरम वायूने पेट घेऊ शकतं. खाली थेंब नाही, तरी कूलंट कमी होतंय? पहिला संशय इथेच. चासी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये रिकॉलची नोंद विचारा.

इंजिनाच्या पुढच्या अंगाची, पट्टा फिरवणारी क्रँक पुलीही खालून बघा. तिच्यातलं रबर तडकलं की पुली डुगडुगते. पट्टा निसटला तर चार्जिंग थांबतं आणि एन ४७ चा वॉटर पंपही थांबतो.

आपल्या रस्त्यांवर पुढच्या लोअर आर्मचे (चाकाला धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचे) तेल भरलेले रबरी बुश लवकर फुटतात. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं, बुशभोवती तेलकट डाग दिसतात. दोन्ही बाजूचे एकदम बदला. आर्मचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच्या उंचीवरच पक्का आवळायचा. लटकत्या चाकांवर आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवा बुशही लवकर जातो. हे न पाळणारी गॅरेजं खूप आहेत. त्यानंतर अलाइनमेंट.

बॅटरी डिकीत, एजीएम प्रकारचीच (आम्ल काचतंतूंच्या थरांत शोषून ठेवणारी) हवी, आणि नवी बसवल्यावर स्कॅनरने गाडीत नोंदवायची. नाहीतर गाडी जुन्याच बॅटरीच्या हिशोबाने चार्ज करत राहते.

पावसात साचलेल्या पाण्यात बंद पडली तर स्टार्ट बटण पुन्हा दाबू नका. एअर फिल्टर ओला निघाला तर ग्लो प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढावं लागतं. आणि गॅरेजपर्यंत नेताना फ्लॅटबेडच मागवा. मागची चाकं रस्त्यावर ठेवून ओढली तर इंजिन बंद असल्याने गिअरबॉक्सचा तेलपंप फिरत नाही, आणि आतले भाग कोरडे घासतात.