399 ला पाच 'डायमंड' ब्लेड? टाइल कापायला घेणार असाल तर आधी हे वाचा

बाथरूममधली एकच टाइल बदलायची होती. आतला पाइप गळत होता म्हणून प्लंबरने फोडलेली, नवीन टाइलला नळापुरती खाच कापायची एवढंच काम. घरात 4 इंची ग्राइंडर (हातात धरून कापायचं-घासायचं मशीन) आहे, फक्त ब्लेड हवं होतं. एका शॉपिंग ॲपवर पाच ब्लेडचा सेट दिसला 399 ला, वर लिहिलेलं डायमंड ब्लेड, टाइल ग्रॅनाइट काँक्रीट लाकूड सगळं कापतं, रेटिंग पण चांगलं, म्हणून मागवला.

टाइलवर टेकवलं आणि कडेचा सोनेरी रंग लगेच उडाला, खाली साधा पत्रा!! हिऱ्याच्या पुडीचा थर नावालाही नाही. कड तापून निळी पडली, टाइलच्या ग्लेझच्या, म्हणजे वरच्या चकचकीत थराच्या, कपच्या उडाल्या आणि खाचेपासून तडा थेट कोपऱ्यापर्यंत गेला. ती जुन्या डिझाइनची शिल्लक ठेवलेली टाइल होती, आता ते डिझाइनच बंद झालंय. पैशांपेक्षा त्याचं जास्त वाईट वाटतंय.

खऱ्या ब्लेडच्या कडेचा पट्टा आतल्या स्टीलपेक्षा किंचित जाड असतो आणि हाताला कानशीसारखा खरखरीत लागतो. वर जास्तीत जास्त आरपीएम (मिनिटाला किती फेरे), बोअर (मधल्या भोकाचं माप) आणि फिरायच्या दिशेचा बाण छापलेला असतो. 4 इंची ग्राइंडर साधारण 11-12 हजार आरपीएमला फिरतो, ब्लेडवरचा आकडा त्यापेक्षा कमी नको. माझ्या ब्लेडवर आकडाच नव्हता, एवढ्या स्पीडला तुकडा उडून डोळ्यात गेला असता तर काय, विचार करूनच राग येतो.

आणि 'सगळं कापतं' हीच थाप आहे. ग्लेझवाल्या टाइलला सलग कडेचं ब्लेड लागतं, कडेला खाचा असलेलं ब्लेड काँक्रीट-विटांसाठी, त्याने टाइलची कड तुटते. टाइलच्या ब्लेडने लाकूड कापलं जात नाही, जळतं, आणि लाकडाचं दातेरी ब्लेड तर ग्राइंडरला लावूच नका प्लीज, अडकलं की मशीन अंगावर येते. फक्त टाइलांच्या सांध्यात भरलेला मसाला, म्हणजे ग्राउट, काढायचं असेल तर हाताने खरवडायचं ग्राउट रेक घ्या, शेजारची टाइल वाचते.

रिटर्न टाकलं तर 'वस्तू वापरलेली आहे' म्हणून रिजेक्ट. अहो वापरल्याशिवाय खोटं कळणार कसं? बॉक्सवर बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, एमआरपी पण नाही, हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. तक्रार केल्यावर लिस्टिंगमधून 'डायमंड' शब्द गुपचूप काढला पण माझ्याकडे स्क्रीनशॉट होता. तो आणि बॉक्सचे फोटो जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली आहे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाली काढायची असते, त्यामुळे आधी ॲपवर लेखी तक्रार टाका, नंबर जपून ठेवा, फोनवरच्या गोड बोलण्यावर थांबू नका.

आता ब्लेड पुण्याच्या बोहरी आळीतून, हार्डवेअरच्या बाजारातून, एकच घेतलं, पक्क्या बिलावर, आणि दुकानदाराने टाइलच्या तुकड्यावर चालवून दाखवल्यावरच पैसे दिले.