लिफ्टेड पिकअपसाठी सहा पिस्टनचं ‘बिग ब्रेक किट’: कुणी घ्यावं, कुणी नाही

पिकअपची लिफ्ट होते, म्हणजे गाडी उंच केली जाते, ३५ इंची टायर चढतात, ब्रेक मात्र ३१ इंची टायरच्या हिशोबाचेच राहतात. त्याच अंतरात गाडी थांबवायला आता चाकाला सुमारे १३ टक्के जास्त टॉर्क लागतो. शिवाय जड टायरचं बरंचसं वजन कडेला असल्यामुळे फिरतं चाक रोखायलाही जोर पडतो, तो वेगळाच.

पुढच्या चाकांसाठी मिळणाऱ्या किटमध्ये साधारणपणे ३५५ मिमीच्या दोन डिस्क, सहा पिस्टनचे दोन फिक्स्ड कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे, दोन्ही बाजूंना पिस्टन असलेले), ब्रॅकेट, पॅड आणि स्टीलच्या जाळीचे होज (ब्रेक ऑइलच्या नळ्या) असतात. जाहिरातीत सगळा भर पिस्टनच्या आकड्यावर, आणि फसगत तिथेच होते. फिक्स्ड कॅलिपरचा दाब एका बाजूच्या पिस्टनवरून मोजायचा, म्हणजे सहापैकी तीनच. समजा, मूळ फ्लोटिंग कॅलिपरला (यात पिस्टन एकाच बाजूला असतात) ५१ मिमीचे दोन पिस्टन आहेत. क्षेत्रफळ सुमारे ४,०८५ चौ. मिमी. किटमध्ये ३८ मिमीचे तीन असतील तर ३,४०० च्या आसपास, म्हणजे १७ टक्के कमी. डिस्क ३३० वरून ३५५ मिमी झाल्याने फायदा होतो तो जेमतेम ८-९ टक्के. पॅड तसेच असतील तर एवढा खर्च करून ब्रेक आधीपेक्षा कमी जोरानेच लागायचे! तेच पिस्टन ४२ मिमीचे असतील तर हिशोब जमतो. पिस्टनचा व्यास छापलेला नसेल तर विचारून घ्या. सांगत नसतील तर ते किट सोडून द्या. उलट क्षेत्रफळ फारच वाढलं तर त्याच मास्टर सिलिंडरवर (पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणारा) पेडल खोल जातं.

घेण्याआधी एक चाचणी करा. कोरड्या, मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी ६० ला जोरात ब्रेक दाबा. एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) खडखडलं, तर टॉर्क पुरेसा आहे आणि अडचण आहे ती उष्णतेची, म्हणजे लांब उतार किंवा मागे ट्रेलर. अशा गाडीला चांगले पॅड, मूळ मापाच्या स्लॉटेड (खाचा पाडलेल्या) डिस्क आणि ताजं डॉट ४ ऑइल बहुतेक वेळा पुरतं. (भोकं पाडलेल्या डिस्क दिसतात छान, पण जड गाडीत भोकांच्या कडेने तडे जातात.) पूर्ण जोर लावूनही एबीएस येत नसेल, तर किटचा विचार करा.

१७ इंची रिम असेल तर किटच्या कंपनीचा टेम्प्लेट (कॅलिपरच्या आकाराचा साचा) पुठ्ठ्यावर कापून हबवर धरून पाहा. रिम आणि कॅलिपरमध्ये किमान ३ मिमी फट हवी. आतून चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं घासतात, हे बऱ्याच जणांना चाक लावल्यावर कळतं.

फिटिंगमध्ये हबचा चेहरा, म्हणजे डिस्क टेकते ती बाजू, वायर ब्रशने चकचकीत करणं सर्वांत महत्त्वाचं. तिथे गंज राहिला तर डिस्क तिरकी बसते आणि काही दिवसांनी पेडल थरथरू लागतं. दोष मात्र ‘डिस्क वाकली’ म्हणून किटला मिळतो. होज कॅलिपरला जोडणाऱ्या बॅन्जो बोल्टला दोन्ही बाजूंनी नवीन तांब्याचे वॉशर घाला. ब्लीडर निपल (ऑइलमधली हवा काढायची तोटी) वरच्या बाजूलाच यायला हवं. कॅलिपर डावे-उजवे बदलले गेले तर ते खाली येतं आणि कितीही ब्लीड केलं तरी आत हवा राहतेच. शेवटी एक्सल पूर्ण खाली लटकवून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून होज ताणला जात नाही ना, ते पाहा. किटमधले होज पुष्कळदा मूळ उंचीच्या मापाचेच असतात, लिफ्टसाठी लांब होज वेगळे मागवावे लागतात.

किट ज्याला हातच लावत नाही, ते म्हणजे मागचे ब्रेक. काही पिकअपमध्ये मागच्या एक्सलला जोडलेला लोड-सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो, तो गाडीतल्या भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. चासी वर गेली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा दाब कमी करतो. सगळा भार पुढे येतो, नवीन पॅडसुद्धा लवकर झिजतात. लिफ्टच्या उंचीइतका त्याच्या दांड्याचा ब्रॅकेट सरकवला, की मागची चाकं पुन्हा आपला वाटा उचलतात. बहुतेकांनी किटवर खर्च करण्याआधी हे करून पाहावं.