धरण टप्प्याटप्प्याने उतरवावं की एका दणक्यात?

धरण काढायचं ठरलं की सगळी चर्चा भिंतीभोवती फिरते. मी आधी गाळाबद्दल विचारेन. किती साचलाय, बारीक की गोटेरी, आणि दरी अरुंद की ऐसपैस? पाण्याखालून वर येणारी जमीन टिकणार की वाहून जाणार, हे त्यावर ठरतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या दोन नद्या शेजारी ठेवून पाहा.

व्हाइट सॅल्मन नदीवरच्या काँडिट धरणाच्या पायथ्याशी २६ ऑक्टोबर २०११ रोजी सुरुंग उडवला आणि दोन तासांच्या आत तळं रिकामं झालं. दरी चिंचोळी, काही आठवड्यांतच निम्म्याहून जास्त गाळ वाहून गेला. नदी लवकर मोकळी झाली, पण पाण्याचा आधार अचानक सुटला की ओल्या गाळाचे उभे काठ ढासळतात. सपाट जमीनही फारशी हाती लागत नाही.

एल्व्हा नदीवर असं करणं परवडलंच नसतं. तिथे दोन धरणं होती, त्यातलं ग्लाइन्स कॅन्यन ६४ मीटर उंच. दोन्हींमागे मिळून सुमारे दोन कोटी घनमीटर गाळ होता. म्हणून २०११ ते २०१४ अशी तीन वर्षं, मध्ये थांबे घेत, भिंती उतरवल्या. नदी त्या गाळावरून या काठापासून त्या काठापर्यंत सरकत राहिली आणि मागे गाळाच्या सपाट पायऱ्या सोडून गेली. बारीक गाळ ओल धरतो, तिथे झाडोरा भराभर वाढला. वाळू-गोट्यांच्या पायऱ्या कोरड्या पडल्या. तिथे जमिनीत नत्र आणणारी ल्युपिन पेरली, रोपांना आडोसा म्हणून ओंडके टाकले. मुखाशी समुद्रात नवी पुळण तयार झाली. वरच्या अंगाला मात्र पुरात रस्ता तुटला, तंबूतळही गेले.

खालचं तळं आटल्यावर लोअर एल्व्हा क्लॅलम या तिथल्या मूळनिवासी जमातीचं, तिच्या श्रद्धेप्रमाणे, उत्पत्तिस्थान उघडं पडलं. माझ्या लेखी या साऱ्या कामातली ही सर्वांत मोलाची गोष्ट. म्हणूनच बुडालेली जमीन मूळची कुणाची, हे पाणी सोडण्याआधी ठरवा.

गाळ थोडा, दरी अरुंद आणि खाली वस्ती नसेल तर एक दणका चालेल. एरवी मी टप्पेच निवडेन. दोन्ही पद्धतींत उघड्या पडलेल्या जमिनीची हद्द मात्र नदीच्या मध्यावरून आखू नका. पहिले काही पूर येऊन जाईपर्यंत तो मध्य जागेवर राहत नाही.